रेणू मोजणारा मास्तर

जून लागला की पनवेलजवळच्या सुकापुरात घरोघरी मिठाच्या बरणीला पाणी सुटते. कुणी बरणीत तांदळाचे दाणे टाकतात, कुणी झाकण घट्ट लावतात. एप्रिल-मे महिन्यांत हेच मीठ कोरडे ठणठणीत असते. यामागे एक ठरलेला आकडा आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठ हवेतली वाफ ओढून ओले होते. आर्द्रता त्याखाली उतरली की ते पुन्हा सुकते. जाड्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार राहिले असतील, तर ते त्याही आधी पाझरू लागते. पाण्यात काही विरघळले की त्या पाण्याची वाफ होण्याची ओढ किती कमी होते, या प्रश्नाचे हे उत्तर आहे. हा प्रश्न आकड्यांत मांडून सोडवणारा माणूस फ्रान्समधला एक शाळामास्तर होता. त्याचे नाव फ्रांस्वा-मारी राऊल्ट. बारावीच्या रसायनशास्त्रात विद्यार्थी ‘राऊल्टचा नियम’ पाठ करतात, पण त्या नावामागचा माणूस पुस्तकात भेटत नाही.

राऊल्ट यांचा जन्म १० मे १८३० रोजी उत्तर फ्रान्समधील फूर्न या लहान गावी झाला. विज्ञान शिकण्याची आवड होती, पण पदरी पैसा नव्हता. सलग शिक्षण परवडण्यासारखे नसल्याने १८५३ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी रॅंस शहरातील शाळेत दुय्यम शिक्षकाची नोकरी धरली. पुढे एका गावातून दुसऱ्या गावात बदल्या होत राहिल्या. दिवसा वर्ग घ्यायचे, उरलेल्या वेळात प्रयोग करायचे आणि पदव्यांच्या परीक्षा द्यायच्या, असा त्यांचा दहा वर्षांचा क्रम होता. सांस येथील शाळेत शिकवत असतानाच त्यांनी विद्युत घटांवरचा प्रबंध पूर्ण केला. त्यावर १८६३ मध्ये पॅरिसची डॉक्टरेट मिळाली. तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते.

१८६७ मध्ये आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या ग्रेनोब्ल येथे त्यांना रसायनशास्त्र शिकवण्याचे काम मिळाले आणि १८७० मध्ये ते तिथेच प्राध्यापक झाले. त्यानंतर अखेरपर्यंत, म्हणजे एकतीस वर्षे, त्यांनी ती जागा सोडली नाही. फ्रान्समधली मोठी विज्ञानमंडळी तेव्हा पॅरिसमध्ये होती. राऊल्ट मात्र दूरच्या गावी आपल्या प्रयोगशाळेत काम करत राहिले. सुरुवातीला त्यांचे विषय निरनिराळे होते. माणसाच्या शरीरात तांबे आणि जस्त नेहमीच आढळतात, हे त्यांनी ब्रेटाँ या सहकाऱ्यासोबत १८७७ मध्ये दाखवले. आज जस्ताच्या गोळ्या अतिसार झालेल्या मुलांना दिल्या जातात. त्या काळी मात्र शरीरात हे धातू नेहमी असतात, हेच नवल होते.

१८७८ मध्ये, म्हणजे वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांना आयुष्यभराचा विषय सापडला. खारे पाणी साध्या पाण्यापेक्षा अधिक थंडीत गोठते, हे लोकांना पूर्वीपासून ठाऊक होते. इंग्लंडमध्ये चार्ल्स ब्लॅग्डेन यांनी १७८८ मध्येच दाखवले होते, की मीठ जितके जास्त, तितका गोठणबिंदू खाली जातो. जर्मनीत व्यूल्नर यांनी १८५६ मध्ये बाष्पदाबाबाबत तसेच नाते दाखवले. पण या सगळ्यांनी मुख्यतः क्षारांवर काम केले होते आणि क्षारांचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. राऊल्ट यांनी क्षार बाजूला ठेवून साखर, ग्लिसरीन, युरिया, अल्कोहोल यांसारखे सेंद्रिय पदार्थ घेतले. वाइन आणि इतर मद्यांच्या गोठणबिंदूंवरचा त्यांचा लेख १८८० मध्ये आला. १८८२ मध्ये एकोणतीस सेंद्रिय पदार्थांच्या पाण्यातील द्रावणांचे आकडे त्यांनी समोर ठेवले.

त्या आकड्यांतून एक गोष्ट स्पष्ट झाली. एक किलो पाण्यात ६० ग्रॅम युरिया, १८० ग्रॅम ग्लुकोज किंवा ३४२ ग्रॅम उसाची साखर विरघळवली, तर तिन्ही द्रावणांचा गोठणबिंदू जवळपास सारखाच, सुमारे १.८६ अंश सेल्सिअसने उतरतो. वजने वेगळी, चवी वेगळ्या, मग सारखे काय? या तिन्ही वजनांत रेणूंची संख्या सारखी असते. रेणू मोठा की लहान, गोड की कडू याला इथे महत्त्व नाही. किती रेणू आहेत, एवढेच मोजले जाते. रेणू डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्या काळी ते खरोखर असतात की नाही, यावरही वाद होता. अशा वेळी ग्रेनोब्लचा हा मास्तर केवळ थर्मामीटरच्या साहाय्याने त्यांची शिरगणती करत होता.

याचा तातडीचा उपयोगही मोठा होता. एखाद्या नव्या पदार्थाच्या रेणूचे वजन काढायचे, तर तोपर्यंत त्याची वाफ करावी लागे. साखरेसारखे पदार्थ तापवले की वाफ होण्याआधीच करपतात. आता पदार्थ तोलून विरघळवायचा, गोठणबिंदू किती उतरला ते पाहायचे आणि हिशेब करायचा, एवढे पुरे झाले. १८८८ मध्ये जर्मनीच्या एर्न्स्ट बेकमान यांनी अंशाचा शंभरावा भाग दाखवणारा थर्मामीटर तयार केल्यावर ही पद्धत जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचली.

राऊल्ट यांचा एक अंदाज मात्र पुढे टिकला नाही. कोणत्याही द्रावकाच्या शंभर रेणूंत दुसऱ्या पदार्थाचा एक रेणू मिसळला, की गोठणबिंदू ०.६३ अंशाने उतरतो, असा सर्वसाधारण नियम त्यांनी मांडला होता. बेन्झीन आणि ॲसेटिक आम्ल यांच्याशी तो जुळत होता. पाण्यासाठी मात्र हा आकडा १ अंशाच्या पुढे जात होता. प्रत्येक द्रव गोठताना किती उष्णता सोडतो त्यावर हा आकडा ठरतो, हे डच शास्त्रज्ञ व्हॅन्ट हॉफ यांनी नंतर गणिताने दाखवले. नियमाचे शब्द बदलले, राऊल्ट यांची मोजमापे मात्र तशीच उभी राहिली, कारण न जुळणारे आकडेही त्यांनी प्रामाणिकपणे छापले होते.

१८८७ च्या सुमारास ते बाष्पदाबाकडे वळले. बंद बाटलीत पाणी ठेवले, की पृष्ठभागावरचे काही रेणू सुटून वर जातात आणि काही परत पाण्यात येतात. जाणारे आणि येणारे सारखे झाले, की वरच्या वाफेचा दाब स्थिर होतो. तोच त्या द्रवाचा बाष्पदाब. २५ अंशांना पाण्याचा बाष्पदाब सुमारे २३.८ मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. राऊल्ट यांनी पाऱ्याच्या उभ्या नळ्या घेतल्या आणि पाऱ्यावर इथर व इथरमधली द्रावणे सोडून पारा किती खाली दबतो ते मोजले. टर्पेंटाईन, ॲनिलीन, नायट्रोबेन्झीन असे सहजी न उडणारे पदार्थ त्यांनी इथरमध्ये विरघळवले होते. इथेही तोच हिशेब निघाला. द्रावणातल्या शंभर रेणूंपैकी ९५ द्रावकाचे असतील, तर बाष्पदाब मूळच्या ९५ टक्के राहतो. हाच राऊल्टचा नियम. बाष्पदाब उतरला की द्रव उकळायला जास्त उष्णता लागते आणि गोठायला जास्त थंडी. म्हणजे गोठणबिंदूचे आणि बाष्पदाबाचे नियम एकाच गोष्टीच्या दोन बाजू होत्या.

आता बाजूला ठेवलेल्या क्षारांचे कोडे उरले. मीठ अपेक्षेच्या जवळपास दुप्पट परिणाम दाखवत होते. ५८ ग्रॅम मीठ गोठणबिंदूवर जणू दुप्पट रेणू असल्यासारखे वागत होते. स्वीडनचे तरुण शास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८८७ मध्ये सांगितले, की पाण्यात मिठाचे सोडियम आणि क्लोरीन असे दोन विद्युतभारित कण, म्हणजे आयन, सुटे होतात. त्या काळी ही कल्पना अनेकांना वेडगळ वाटली. तिच्या बाजूने अऱ्हेनियस यांनी जे आकडे मांडले, त्यांत राऊल्ट यांच्या मोजमापांचा मोठा वाटा होता. शिरगणती खरी मानली, तर रेणू फुटतात हेही मानावे लागत होते. आज रक्ततपासणीच्या कागदावर ‘सोडियम’, ‘पोटॅशियम’ अशा आयनांच्या नोंदी असतात. त्या समजुतीचा पाया या वादात घातला गेला.

राऊल्टचा नियम तंतोतंत पाळणाऱ्या द्रावणाला आदर्श द्रावण म्हणतात. दोन द्रवांचे रेणू एकमेकांसारखे असतील आणि परक्या शेजाऱ्याशी आपल्या माणसाइतकेच सलगीने वागत असतील, तर असे होते. बेन्झीन आणि टोल्युईन यांचे मिश्रण हे याचे नेहमीचे उदाहरण. २५ अंशांना बेन्झीनचा बाष्पदाब सुमारे ९५ मिलिमीटर आणि टोल्युईनचा २८. दोघांचे रेणू समसमान घेतले, तर एकूण दाब या दोन आकड्यांच्या बरोबर मध्ये, साधारण ६१.५ येतो. पण द्रवात निम्मे असलेले बेन्झीन वरच्या वाफेत ७७ टक्के भरते. जो लवकर उडतो, तो वाफेत अधिक असतो. रसायनी, पाताळगंगा, तळोजा भागातल्या कारखान्यांतले ऊर्ध्वपातनाचे उंच मनोरे याच तत्त्वावर चालतात. आरोग्याच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचे आहे. बेन्झीन कर्करोगकारक आहे. त्यामुळे एखाद्या द्रवात ते किती आहे एवढे पाहून भागत नाही. त्यावरच्या हवेत किती आहे, ते मोजावे लागते.

बहुतेक द्रावणे मात्र आदर्श नसतात. पोलंडचे यान झाविद्झ्की यांनी १९०० मध्ये अनेक मिश्रणांचे बाष्पदाब काटेकोर मोजले, तेव्हा नियमापासूनची फारकत दोन प्रकारची असल्याचे स्पष्ट दिसले. ॲसिटोन आणि क्लोरोफॉर्मचे रेणू एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून बाष्पदाब हिशेबापेक्षा कमी भरतो. अल्कोहोल आणि पाणी यांच्यात उलटे घडते. दोघांचे रेणू मिश्रणात तितकेसे रमत नाहीत, सुटायला पाहतात आणि बाष्पदाब हिशेबापेक्षा जास्त येतो. याचा परिणाम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या आसवन्यांना रोज जाणवतो. मळीपासून केलेले अल्कोहोल कितीही वेळा ऊर्ध्वपातित केले, तरी वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांवर गाडी अडते. त्या टप्प्यावर द्रव आणि वाफ यांची घडण एकच होते आणि ७८.२ अंशांना दोन्ही एकत्र उकळतात. पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉल याहून कोरडे लागते. त्यासाठी उरलेले पाणी बारीक छिद्रांच्या विशेष खड्यांकडून शोषून घ्यावे लागते.

मिठाच्या बरणीतला ७५ आकडाही इथेच उलगडतो. १०० ग्रॅम पाण्यात जास्तीत जास्त ३६ ग्रॅम मीठ विरघळते. त्यातले दोन्ही आयन मोजून राऊल्टच्या नियमाने हिशेब केला, तर बाष्पदाब पाण्याच्या ८२ टक्के असायला हवा. प्रत्यक्षात तो ७५ टक्के असतो, कारण आयन पाण्याच्या रेणूंना नियमाहून जास्त घट्ट धरतात. लोणचे, मुरांबा आणि कोकणच्या किनाऱ्यावर खारवून सुकवलेली मासळी टिकते तीही बाष्पदाब उतरल्यामुळेच. पाणी आत असते, पण जिवाणूंना ते मिळत नाही. अन्नशास्त्रात यालाच जल-क्रियाशीलता म्हणतात. तिचे मोजमाप म्हणजे पदार्थातल्या पाण्याचा बाष्पदाब भागिले शुद्ध पाण्याचा बाष्पदाब. लोणच्यात मीठ किंवा मुरांब्यात साखर फार कमी केली, तर बुरशी येण्याचे कारण हेच.

राऊल्ट यांना मान मिळाला तो उतारवयात. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८९२ मध्ये त्यांना डेव्ही पदक दिले. १९०० मध्ये फ्रान्सने ‘लिजन ऑफ ऑनर’ या सन्मानात त्यांना कमांडरचा दर्जा दिला. बाष्पदाबावरचे त्यांचे छोटे पुस्तक त्याच वर्षी, तर गोठणबिंदूवरचे १९०१ मध्ये निघाले. १ एप्रिल १९०१ रोजी ग्रेनोब्ल येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक व्हॅन्ट हॉफ यांना जाहीर झाले, तेही द्रावणांच्या नियमांवरच्या कामासाठी. मार्च १९०२ मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीत राऊल्ट यांच्या स्मरणार्थ व्याख्यान द्यायला उभे राहिले ते व्हॅन्ट हॉफच.

राऊल्ट यांची शिरगणती त्यांच्या हयातीतच दवाखान्यात पोहोचली होती. हंगेरीचे डॉक्टर शान्डोर कोरान्यी यांनी १८९० च्या दशकात रक्ताचा आणि लघवीचा गोठणबिंदू मोजून मूत्रपिंडाच्या आजारांचा अभ्यास सुरू केला. निरोगी रक्त शून्याखाली सुमारे ०.५५ अंशाला गोठते. मूत्रपिंडे थकली की रक्तात कण साचतात आणि हा आकडा आणखी खाली जातो. शिरेतून द्यायचे द्रवही याच हिशेबाने बनतात. एक लिटर सलाईनमध्ये ९ ग्रॅम मीठ असते, तर त्याच मापाच्या डेक्स्ट्रोजमध्ये ५० ग्रॅम ग्लुकोज. वजनात एवढा फरक, पण कणांची संख्या दोन्हींत रक्ताच्या जवळपास. म्हणून शिरेत शिरताना रक्तपेशी फुगून फुटत नाहीत की आकसत नाहीत.

जुलाबावर दिल्या जाणाऱ्या ओआरएसचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात कणांची संख्या लिटरला ३११ वरून २४५ मिलिऑस्मोलवर आणली गेली. द्रावण रक्तापेक्षा पातळ असले, की आतडी पाणी चांगले शोषतात. एक लिटरची पुडी अर्ध्या लिटरमध्ये कालवली, की हा आकडा दुप्पट होतो आणि पाणी उलट आतड्यांकडे ओढले जाऊ शकते. पुडीवर जेवढे पाणी लिहिले आहे तेवढेच घ्यायचे, त्यामागे हे कारण आहे.

दुधाची भेसळही याच मोजमापाने पकडली जाते. गाईचे दूध शून्याखाली ०.५२ ते ०.५४ अंशांच्या आसपास गोठते. दहा टक्के पाणी घातले, की हा आकडा सुमारे ०.४८ वर येतो. पण नियम कण मोजतो, कणांची ओळख विचारत नाही, हे भेसळखोरांनाही ठाऊक आहे. पाण्यासोबत साखर, मीठ किंवा युरिया घालून आकडा पुन्हा जागेवर आणता येतो. म्हणून गोठणबिंदूच्या जोडीला या पदार्थांच्या वेगळ्या चाचण्या कराव्याच लागतात.

या नियमाची खरी कसोटी लागते ती विषारी दारूच्या वेळी. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. मिथेनॉल आणि इथेनॉल यांचे रेणू सारख्याच घडणीचे, त्यांचे मिश्रण जवळजवळ आदर्श. रंगावरून, वासावरून किंवा चवीवरून पिणाऱ्याला काही कळत नाही. असा रुग्ण आला, की त्याच्या रक्ताचा गोठणबिंदू मोजून एकूण कणांची संख्या काढता येते. सोडियम, ग्लुकोज आणि युरिया यांच्यावरून अपेक्षित संख्या काढली आणि प्रत्यक्ष संख्या तिच्यापेक्षा बरीच जास्त निघाली, तर हिशेबात नसलेले कण रक्तात आहेत. ते साध्या दारूचे असू शकतात किंवा मिथेनॉलचे. संशय मात्र लगेच येतो. हे मोजमाप गोठणबिंदूच्या यंत्रावरच करावे लागते. बाष्पदाब मोजणाऱ्या यंत्राला मिथेनॉल चकवते, कारण ते स्वतःच उडून वाफेत भर घालते. न उडणाऱ्या पदार्थांसाठीचा साधा हिशेब तिथे चालत नाही.

वेळेची मर्यादाही आहे. शरीरात मिथेनॉलचे हळूहळू फॉर्मिक आम्ल होते. तेच डोळ्यांच्या नसा जाळते आणि जीव घेते. जसजसे हे घडते, तसतसा कणांमधला फरक कमी होतो, रक्तातले आम्ल मात्र वाढत जाते. म्हणून उशिरा आलेल्या रुग्णात हा आकडा ठीक दिसला, तरी धोका टळलेला नसतो. लक्षणे दिसायलाही बरेच तास, कधी दिवसभर लागतो. गावठी दारू प्यायल्यानंतर धूसर दिसणे, पोटात दुखणे किंवा धाप लागणे सुरू झाले, तर सकाळपर्यंत वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि काय प्यायले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. सोबत प्यायलेल्या इतरांनाही, त्रास नसला तरी, घेऊन जावे. उपचार आहेत, आणि ते वेळेत सुरू झाले तर डोळे आणि जीव दोन्ही वाचू शकतात.